फटफटीचा वातविकार

वर्षभर या पानावर आपली गाठ पडते ती शब्दांच्या निमित्ताने. एखादा शब्द उचलायचा, त्याचे माहेर कुठले, सासर कुठले, वाटेत त्याचा काना कुठे गळला हे पाहायचे आणि पान संपले की निरोप घ्यायचा, असा आपला शिरस्ता. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा भरपूर दिली आणि बरोबर एक अटही घातली. म्हणाले, "फराळाच्या ताटाशेजारी व्याकरण नको. यंदा दुसरे काही तरी लिहा." दुसरे काही तरी म्हणजे काय, हा प्रश्न मला पडला नाही. गेले तीन महिने माझ्या डोक्यात एकच विषय आहे आणि त्याचा काळा अंश माझ्या नखांतही आहे. तो विषय म्हणजे मोटारसायकलचा ब्रेक.

गाडी आमच्या मामांची. मामा राहतात साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याला. आम्ही घाटाच्या वर, कोल्हापुरात. गाडीचे नाव एनफिल्ड फ्यूरी. हे नाव पुष्कळांना ठाऊक नसेल. एनफिल्ड म्हटले की डोळ्यांपुढे बुलेटच उभी राहते आणि कानांत तिचा तो सावकार चालीचा आवाज घुमतो. पण याच मद्रासच्या एनफिल्डने १९८० च्या दशकात म्युनिकच्या झुंडाप कारखान्याच्या गाडीवर बेतलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी काढली होती. पाच गिअर, आणि पुढच्या चाकाला ब्रेंबो या इटालियन कंपनीच्या धर्तीचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. त्या काळी आपल्याकडच्या दुचाकींना सर्रास ड्रमचे ब्रेक असत. डिस्क ही चीज लोक वळून वळून पाहत. खुद्द झुंडापचे दिवाळे १९८४ साली वाजले आणि कारखान्याची यंत्रे चीनमध्ये गेली. मामांची गाडी मात्र साखरप्यात राहिली.

हौशी मंडळी अशा गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात. सरकारदरबारी तसे नाही. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे ५० वर्षे पुरी केलेल्या गाडीलाच तो मान मिळतो. फ्यूरीची अजून तेवढी झालेली नाहीत, माझीही नाहीत. तेव्हा आम्ही दोघे तूर्त नुसते जुने आहोत.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मामा कोल्हापूरला यायला निघाले. ब्रेकच्या डबीतले तेल थोडे खाली गेले होते म्हणून वाटेत एका दुकानी थांबले. तिथल्या पोराने तत्परतेने झाकण उघडले आणि डबी इंजिन ऑईलने काठोकाठ भरून दिली. पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी काही झाले नाही. आठवडाभराने परतताना गाडी ओढ देईना. मामांना वाटले, इंजिन थकले. मलकापूर गेले, आंबा गाव गेले, आणि घाटाच्या तोंडाशी गाडी उभी राहिली ती हलेना. पुढचे चाक जणू कुणी आतून मुठीत धरले होते. डिस्कवर बाटलीतले पाणी ओतले तर छन् आवाज होऊन वाफ निघाली. गाडी टेम्पोतून घरी आली आणि फणसाच्या झाडाखालच्या पडवीत जी उभी राहिली ती गेल्या पावसाळ्यापर्यंत. मामांची समजूत एवढीच झाली, की डिस्क ब्रेक वाईट.

यंदा आमच्या कन्येने गाडी मागून घेतली. तिचे भौतिकशास्त्राचे शेवटचे वर्ष आहे, हातात नवा परवाना आहे, आणि दिवाळीला हीच गाडी चालवत घाट उतरून मामांच्या दारात उभी करायची असा तिचा बेत. मागे मी बसायचे. सौभाग्यवतींनी या बेताला नाही म्हटले नाही. त्यांनी फक्त विचारले, "ब्रेकची खात्री कोण देणार? तुम्ही? मग तसे कागदावर लिहून सही करा." बत्तीस वर्षांची नोकरी झालेल्या मुख्याध्यापकांची मुलगी आहे ती, तोंडी आश्वासनाला तिच्या घरी कधीच किंमत नव्हती.

तेव्हा ती सही करता यावी म्हणून आम्ही बाप-लेक कामाला लागलो.

हा ब्रेक चालतो कसा, हे एकदा समजून घेतले पाहिजे. मग पुढचे सगळे आपोआप कळते. हॅंडलवर लिव्हर असते. ती दाबली की मास्टर सिलिंडर नावाच्या छोट्या पिचकारीतला दट्ट्या पुढे सरकतो. पिचकारीतला द्रव नळीतून खाली चाकापाशी जातो. तिथे कॅलिपर असतो. त्यातला पिस्टन द्रवाच्या दाबाने बाहेर येतो आणि पॅड फिरत्या डिस्कवर आवळतो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून वरचा दाब जसाच्या तसा खाली पोचतो. हे तत्त्व पास्कलचे. हा फ्रेंच गृहस्थ १६६२ साली वयाच्या ३९व्या वर्षी वारला, आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढल्या वर्षी छापून निघाला. मोटारीच्या चाकापर्यंत यायला त्या तत्त्वाला अडीचशेवर वर्षे लागली. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने असा ब्रेक सिद्ध केला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो बसला. दुचाकीला त्याहून उशीर झाला. १९६२ साली लॅंब्रेटाच्या एका स्कूटरला डिस्क आली, पण तिचा ब्रेक तारेवर चालणारा. हायड्रॉलिक डिस्क घेऊन मोठ्या संख्येने बाजारात उतरलेली पहिली मोटारसायकल म्हणजे १९६९ ची होंडा सीबी ७५०.

कन्येने हे गणित मला भाजीच्या पिशवीवर करून दाखवले. समजा, वरच्या दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आहे आणि खालच्या पिस्टनचा ३६. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. वर एक किलोचा जोर लावला की खाली नऊ किलोचा मिळतो. पण निसर्ग असे फुकट काही देत नाही. खालचा पिस्टन एक मिलिमीटर सरकायला वरच्या दट्ट्याला नऊ मिलिमीटर चालावे लागते. इथेच सगळी मेख आहे. आता या द्रवात हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा शिरला असे धरा. हवा आकसते. दट्ट्याची सारी चाल तो बुडबुडा चेपण्यात खर्ची पडते आणि खाली पिस्टनपर्यंत काही पोचतच नाही. लिव्हर पावासारखी मऊ लागते, मुठीपर्यंत येते, आणि गाडी आपली चाललेली असते.

ही हवा बाहेर काढण्याच्या कामाला इंग्रजीत रक्त काढण्याचा शब्द आहे. आपले मिस्त्री म्हणतात, 'एअर काढायची.' मला आपला शब्द अधिक शास्त्रीय वाटतो. रक्त वाहणे हा रोग झाला. आपल्या लोकांनी इलाजाचे नाव ठेवले. वैद्यांच्या भाषेत सांगायचे तर हा निव्वळ वाताचा विकार आहे, आणि मार्ग मोकळा केल्यावाचून वात जात नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एका शब्दाची तक्रार संपादकांची क्षमा मागून इथेच करतो. 'ब्रेक ऑईल' हा तो शब्द. सगळा महाराष्ट्र तो वापरतो आणि तो साफ खोटा आहे. डबीतला तो द्रव तेल नव्हेच. तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो आणि पाण्यात मिसळतो. तेल कधी पाण्यात मिसळलेले पाहिले आहे का? ब्रेकमधली रबरे या ग्लायकॉलच्या संगतीत राहतील अशा जातीची असतात. त्यांना खनिज तेल लागले की ती पाण्यात टाकलेल्या साबुदाण्यासारखी फुगतात. त्या दुकानातल्या पोराचा काय दोष? नावात ऑईल आहे, हाताशी ऑईल आहे, त्याने घातले. भाषेतल्या ढिलाईने आंबा घाटात चाक धरले, हे उदाहरण मी वर्गात यापुढे वापरणार आहे.

चाक धरले कसे, हेही सांगतो. मास्टर सिलिंडरच्या तळाशी, डबीकडे जाणारी दोन भोके असतात. त्यातले एक इतके बारीक असते, की त्यात साधी सुई जात नाही. लिव्हर सोडली की दट्ट्याचे रबर या भोकाच्या मागे सरते, भोक उघडते आणि उरलेला दाब डबीत परत जातो. रबर फुगले, की ते मागे सरूनही भोक झाकून राहते. दाब परतत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, त्याने द्रव तापतो, तापून प्रसरण पावतो, दाब आणखी वाढतो, पॅड आणखी आवळतात. लिव्हरला हात न लावता ब्रेक लागत जातो. मामांची गाडी अशी उभी राहिली. इंजिनाचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सोडवण्याच्या कामात पहिले संकट कॅलिपरच्या पिस्टनचे. इतक्या वर्षांत तो जागच्या जागी गंजून बसला होता. पक्कड लावून ओढला तर त्याच्या तुळतुळीत अंगावर ओरखडे उमटतात. चांगला उपाय असा, की वरची नळी जोडलेली असतानाच, चाक काढून, लिव्हर दाबत राहायचे आणि ब्रेकच्याच दाबाने पिस्टन हळूहळू बाहेर आणायचा. आमच्याकडे वरची पिचकारीच निकामी, म्हणून हवेचा दाब द्यावा लागला. हे काम फार जपून करावे. पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा आणि जाड फडके ठेवावे, आणि बोटे चुकूनही मध्ये नेऊ नयेत. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. आमचाही सुटला. ठोकळ्यावर त्याची चंद्रकोर अजून आहे. जुन्या पॅडची भुकटीही फुंकून उडवायची नाही. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

आतला ऐवज पाहून वाईट वाटले. डबीच्या तळाशी गुळाच्या काकवीसारखा गाळ. वरची रबरे हाताला बुळबुळीत आणि घोटीव मापापेक्षा चांगली जाड. पिस्टनच्या अंगावरचा क्रोम जागोजाग उडून खड्डे पडलेले. अशा खड्ड्यांवर नवे सील बसवले तर ते महिनाभरात कापले जाते. मास्टर सिलिंडरची भिंत मात्र नखाला गुळगुळीत लागली, म्हणून ती वाचली. धुण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल आत नेले नाही. पुन्हा तेच खनिज तेल, पुन्हा तोच साबुदाणा. सगळे भाग स्पिरिटने धुतले, आणि ते बारीक भोक तांब्याच्या तारेतला एक केस काढून त्याने मोकळे केले. पोलादी तार घातली तर भोकाची कड दुखावते आणि ती कड मग नवे रबर खाते. हे भोक साफ झाल्याचा पुरावा म्हणजे त्यातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. कन्येला तो टाचणीच्या टोकाएवढा उजेड आधी दिसला. मला चष्मा बदलून दिसला.

पिस्टन नवा करून घ्यायला उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन: इथे कुठल्याही गल्लीत लेथवर उभा असलेला एखादा माणूस मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाने ओळखतो. त्या गृहस्थांनी जुना पिस्टन व्हर्नियरवर धरला, मग मायक्रोमीटरवर धरला, मग उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "सर, ह्यो आता शोकेसात ठेवा. स्टेनलेसमधी नवा करून देतो, गंजायचा इषयच मिटला." दोन दिवसांनी कागदात गुंडाळून जे हाती दिले, त्यात मला माझा चेहरा दिसत होता.

सील मिळवणे त्याहून अवघड गेले. एका दुकानदाराने गोल काटछेदाची ओरिंग पुढे केली. "बसती की, काय हुतंय?" बसते, हे खरे, पण कॅलिपरचे सील चौकोनी काटछेदाचे असते आणि ते तसे असण्यात या यंत्रातली सर्वांत नाजूक कारागिरी आहे. कॅलिपरमधल्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. मग लिव्हर सोडल्यावर तो मागे जातो कसा? दाबाखाली पिस्टन पुढे जाताना हे चौकोनी रबर खाचेत बसल्याबसल्या थोडे मुरडते. दाब गेला की पुन्हा सरळ होते आणि सरळ होता होता पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्या केसभर अंतराने पॅड डिस्कपासून सुटतात. पॅड झिजले तर पिस्टन रबरातून घसरून पुढची जागा धरतो आणि पुन्हा तिथून केसभरच मागे येतो. म्हणजे हा ब्रेक स्वतःची चाल स्वतःच बेतून घेतो. एका रबरी कड्यात एवढी अक्कल कुणी भरली असेल, याचा विचार करीत मी तीन दुकाने पालथी घातली. चौथ्यात मापाचे चौकोनी सील मिळाले.

नळीही बदलली. जुनी रबरी नळी बाहेरून ठीक दिसत होती, पण अशा नळ्या आतून सुजतात. लिव्हरच्या जोराने द्रव खाली जातो आणि परत येत नाही, अशी एकेरी वाहतूक सुरू होते. जोडाचे तांब्याचे वायसर नवे घातले. ते एकदा चेपले की पुन्हा भरवशाचे राहत नाहीत. तेल प्यायलेले पॅड टाकून दिले. भाजून, घासून ते पुन्हा वापरता येतात असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आपल्या गाडीला खुशाल वापरावेत.

आता द्रवाची निवड. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असे आकडे असतात. ते उकळण्याच्या तापमानाचे. ताजा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण ग्लायकॉल हवेतली ओल शोषतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरले, की डॉट ३ ची हमी १४० अंशांवर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. म्हणून सीलबंद डबाच आणावा. मागच्या वर्षी उघडलेला अर्धा डबा फडताळात सापडला तर त्याचा मोह धरू नये. डॉट ५ हा आकडा मोठा दिसतो म्हणून तोही घेऊ नये, तो सिलिकोनचा, निराळ्याच कुळातला. याच्यात मिसळत नाही. आणखी एक, ग्लायकॉल रंग खातो. पेट्रोलच्या टाकीवर ओली गोधडी पसरून आणि हाताशी पाण्याची बादली ठेवूनच आम्ही डबा उघडला. सांडले की लगेच पाणी ओतावे, पुसत बसू नये.

उकळण्याची एवढी धास्ती कशाला, असे सौभाग्यवतींनी विचारले. त्यांना कन्येने स्वयंपाकघरातले उत्तर दिले. गाडी आणि दोन माणसे मिळून २८० किलो धरा. घाटात उभ्या उंचीचे ३०० मीटर उतरायचे. वेग वाढू द्यायचा नसेल तर उतरताना मोकळी होणारी ऊर्जा कुठे तरी जिरवायला हवी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर तेवढ्या उष्णतेत अडीच लिटर पाण्याला आधण येईल. सोळा कप चहा, आणि तो एवढ्याशा डिस्कवर! अर्थात वाटेत वारा डिस्कला गार करीत असतो आणि थोडा भार इंजिन घेते. पण टू-स्ट्रोक इंजिन त्या कामात आळशी. कॅलिपरमधला ओलसर द्रव उकळला की त्याची वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा वातच. सकाळी दगडासारखी लागणारी लिव्हर घाटाच्या मध्यावर मुठीला टेकते ती अशी. सौभाग्यवती ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे सही करायच्या आधी तुम्ही घाट उतरणार नाही. पन्हाळ्यावरून उतरून दाखवा."

सगळे भाग ताज्या द्रवात बुडवून, सीलना नखदेखील न लावता जोडले. आणि मग ते मुख्य काम, एअर काढण्याचे.

कॅलिपरच्या माथ्यावर एक निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवून ठेवायचे. एकाने लिव्हरवर बसायचे, एकाने निपलच्या पान्यावर. लिव्हर दाबायची, दाबून धरायची; निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे बाहेर पडले की आवळायचा; मग लिव्हर सोडायची. आवळण्याच्या आधी सोडली तर हवा उलटी आत. म्हणून हुकूम ठरवून घेतले: दाब, धर, सोड. तीन क्रियापदे, तिन्ही आज्ञार्थी, एकवचनी. मध्येच मी "दाब नाही" असे म्हणालो तेव्हा कन्या थांबली आणि तिने विचारले, "बाबा, हे नाम की क्रियापद?" प्रश्न रास्त होता. तेव्हापासून नामे बंद केली. दर पाच-सहा खेपांनी वरची डबी भरायची; ती एकदा कोरडी पडली की हवा आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाऊणशे वेळा दाबले, धरले, सोडले. लिव्हर पावासारखी ती पावासारखीच. कारण उघड होते. हवेचा स्वभाव वर जाण्याचा, आणि आम्ही तिला वरून खाली ढकलून हाकलू पाहत होतो. रिकाम्या नळीत वरून एवढासा द्रव उतरतो, आणि दोन ढकलण्यांच्या मध्ये बुडबुडे पुन्हा वर चढून बसतात. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या औषधांच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, द्रवाने भरली, निपलला जोडली आणि खालून वर हलकेच रेटली. काय सांगू! वर डबीत, त्या टाचणीएवढ्या भोकातून, मोत्यांची सर सुटावी तसे बुडबुडे येऊ लागले. डबी भरून वाहू नये म्हणून कन्या वरून द्रव उपसत होती. पान्याच्या मुठीने कॅलिपरला टिचक्या मारल्या तेव्हा कुठे दडलेले आणखी दोन-चार निघाले. हॅंडल असे वळवून ठेवले, की मास्टर सिलिंडर सर्वांत उंच राहावा आणि नळीच्या बाकात हवेला बसायला जागा मिळू नये. शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन लिव्हर मुठीला रात्रभर बांधून ठेवली. उरलेसुरले सूक्ष्म बुडबुडे दाबाखाली हळूहळू वर सरकतात, आणि सकाळी पट्टी सोडताच भोक उघडून डबीत निघून जातात.

सकाळी कन्येने लिव्हर दाबली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मी दाबून पाहिली. दोन बोटे आत गेली आणि भिंतीला टेकल्यासारखी थांबली.

तरीही लगेच रस्त्यावर गेलो नाही. लिव्हर पूर्ण जोराने पाच मिनिटे दाबून धरली. ती खचत गेली तर समजावे, की आतल्या रबरावरून द्रव मागे सरकतो आहे. खचली नाही. प्रत्येक जोडाला कागद लावून पाहिला, कोरडा निघाला. चाक उचलून हाताने फिरवले, ब्रेक लावला, सोडला, पुन्हा फिरवले, मोकळे फिरले. मग उद्यमनगरातल्या एका जाणत्या मिस्त्रींकडे गाडी नेऊन सगळे बोल्ट त्यांच्या हाताखालून घातले. हे मी आग्रहाने लिहितो. स्वतः केलेल्या ब्रेकवर परक्या माणसाची नजर फिरलीच पाहिजे, आणि ज्याला यातले काही अनोळखी वाटत असेल त्याने कॅलिपरला पाना न लावता सरळ त्या माणसाकडेच जावे. आज १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. चाक अडकू लागले की यंत्रच सावरून घेते. फ्यूरीत ते काम उजव्या हाताच्या दोन बोटांनी करायचे असते.

नव्या पॅडना डिस्कशी ओळख व्हायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर तिशीच्या वेगातून हलके हलके पंचवीस-तीस वेळा थांबवली, मध्ये गार होऊ दिली. मग एका रविवारी पहाटे पन्हाळा. कन्या पुढे, मी मागे. उतरताना तिसरा गिअर, मागचा ब्रेक जोडीला, आणि पुढचा सतत धरून न ठेवता लावायचा, सोडायचा. वाघबीळपर्यंत मी तिच्या उजव्या हाताकडेच पाहत होतो. खाली थांबून लिव्हर दाबली. सकाळी जिथे थांबत होती तिथेच थांबली.

त्या दुपारी कागदावर सही झाली. सौभाग्यवतींनी ती वाचली, तारीख नाही म्हणून परत केली, तारीख घालून घेतली आणि रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घाट उतरलो. दाट धुके होते, पुढे उसाचा एक ट्रॅक्टर होता, आणि तो एका वळणावर अकस्मात उभा राहिला. मी काही म्हणायच्या आत गाडी त्याच्या चार हात मागे शांतपणे थांबलेली होती. कन्या म्हणाली, "बाबा, खांदा सोडा." मामा अंगणातच उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. पण गाडी थांबल्याबरोबर त्यांनी आधी लिव्हर दाबली, सोडली, पुढचे चाक किंचित उचलायला लावून बोटाने फिरवून पाहिले आणि मग कन्येच्या डोक्यावर हात ठेवला. चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारले, "ऑईल कुठलं घातलंस रे?"

"मामा, ते ऑईल नसतं."

"मग झाकणावर तसं लिहून ठेव की. मला काय, त्या पोराला काय, कळणार कसं?"

झाकणावरची मूळची अक्षरे केव्हाच झिजून गेली होती. कन्येने पडवीतला पांढऱ्या रंगाचा डबा शोधला, काडीला कापूस गुंडाळला आणि मराठीत लिहिले: 'डॉट ४. तेल घालू नये.' खाली द्रव बदलल्याचा महिना आणि दोन वर्षांनी पुन्हा बदलायचा तो महिना. जागा पुरेना म्हणून शेवटचा आकडा झाकणाच्या कडेवर उतरला आहे.